काहीही न हलवता घर हलवणे

घर हलवायचं, पण घरातलं काहीही हलू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. तो ऐकून लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेची मला सवय आहे. उभा जन्म मी शाळेत भूमिती शिकवली. मुलांनी माझं नाव 'कर्कटक' ठेवलं होतं. कंपासपेटीतली ही वस्तू शेजारच्याला टोचण्यापलीकडे कशालाच उपयोगी पडत नाही, अशी समस्त विद्यार्थिवर्गाची समजूत असते. ती चुकीची आहे. पण निवृत्त माणसाने कुणाकुणाचे गैरसमज दूर करत बसायचं?

सुरुवात लिफ्टपासून झाली. आमची लिफ्ट अधूनमधून बंद पडायची, तशी या खेपेलाही पडली. फरक एवढाच, की या खेपेला तिचा कुठलासा पार्ट 'येतोय' असं कळलं. पार्ट येतोय म्हटलं की जाणत्या माणसाने आशा सोडावी. मी चौथ्या मजल्यावर, बाजार खाली, आणि उजवा गुडघा माझ्याशी फटकून वागणारा. एकदा बटाट्याची पिशवी घेऊन कसाबसा वर पोचलो आणि किल्ली काढण्याआधी दारातच बसकण मारली. बराच वेळ बसून राहिलो. तेवढ्या वेळात जिन्यावरून कोणीसुद्धा गेलं नाही. हे मी मुलीला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"बाबा, तुम्ही इकडे या बरं राहायला."

"नको. मला माझं घर आहे."

"मग निदान खालच्या मजल्यावर तरी जा!"

दुसऱ्याच दिवशी तिने परस्पर घरमालकाला फोन लावला. त्याचंच पहिल्या मजल्यावरचं घर रिकामं होतं. "अगदी तसंच आहे, बाबा. तीच खोल्यांची मांडणी, तोच ओटा, तीच गॅलरी. तुमच्या घराच्या बरोब्बर खाली. काही बदलल्यासारखं वाटणारच नाही तुम्हाला."

ती बिचारी माझी समजूत काढायला बोलली, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बरोब्बर खाली! तीच मापं, तोच आकार, फक्त जागा वेगळी. अहो, हे तर स्थानांतरण!

ज्यांनी हा धडा ऑप्शनला टाकला असेल त्यांच्यासाठी सांगतो. एखादी आकृती घ्या. तिचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेने आणि एकसारख्याच अंतराने सरकवा. झालं स्थानांतरण. आकृती वळत नाही, उलटत नाही, फुगत नाही की आक्रसत नाही. बाजू तेवढ्याच, कोन तेवढेच, आणि कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर जसंच्या तसं. वर्गात मी टेबलावर डस्टर ठेवून तो सरळ ढकलायचो आणि विचारायचो, "काय बदललं?" मुलं म्हणायची, "जागा." "आणि काय नाही बदललं?" "बाकी सगळं, सर!" हा घोष ऐकला की मला त्या दिवशीचा पगार सुटल्यासारखा वाटायचा.

बाकी सगळं. मला नेमकं तेच हवं होतं. वरच्या घराची मांडणी माझ्या बायकोची होती. ती जाऊन दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि मी त्या घरात एक वाटीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती. ती डावखुरी होती. त्यामुळे स्वयंपाकघरातली यच्चयावत वस्तू माझ्या उलट्या हाताला. आजही चहा करताना माझे दोन्ही हात एकमेकांना ओलांडून जातात, पण मी डबे बदलले नाहीत. गॅलरीत दोन खुर्च्या आणि मधे स्टूल. दोन खुर्च्यांमधलं अंतर असं, की तिने नुसता हात लांब केला की माझ्या कपाला बोट लावता यावं आणि "गार झाला" असं जाहीर करता यावं. हे सामान उचलून मी दुसरीकडे कसंही मांडलं असतं तर ते माझं घर झालं असतं, तिचं राहिलं नसतं. याचीच मला धास्ती होती. पण स्थानांतरणात अंतरं बदलत नाहीत. तो नियमच आहे, आणि भूमितीचा नियम माणसाला ऐन वेळी दगा देत नाही, असा माझा तोवरचा अनुभव होता.

बातमी फुटली तशी सल्ल्यांची आवक सुरू झाली. आमच्या समोरच्या वहिनी मनाने चांगल्या, पण त्यांना दुसऱ्याच्या घरातली अडगळ फार लवकर दिसते.

"भाऊजी, आता हीच संधी आहे बघा. एकट्या माणसाला एवढं सामान कशाला? ते जेवणाचं टेबल काढून टाका. भिंतीला घडीची फळी मारली की झालं. गॅलरीत तरी दोन खुर्च्या कशाला? एक पुरे."

"वहिनी," मी शांतपणे म्हणालो, "त्रिकोणाचा एक शिरोबिंदू काढून टाकला तर काय उरतं?"

"काय उरतं?"

"नुसती एक रेघ."

"मग बघा ना, जागा किती वाचली!"

यानंतर मी सल्लागारांशी भूमितीत बोलायचं नाही असं ठरवलं. ते काही पाळता आलं नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नियमांवर जगतात. अन्न ते वरून थोडं घेत असावेत. त्यांनी मला दोन अर्ज दिले. एक घर सोडणाऱ्याने भरायचा, दुसरा घरात येणाऱ्याने.

"पण मीच सोडणार आणि मीच येणार."

"म्हणून तर दोन्ही तुम्हीच भरायचे, सर."

दुसऱ्या अर्जात नव्या भाडेकरूच्या वर्तणुकीबद्दल एखाद्या जुन्या रहिवाशाचा दाखला लागत होता. माझ्याइतका मला ओळखणारा जुना रहिवासी इमारतीत दुसरा कोणी उरला नव्हता, म्हणून तो मीच दिला. मी स्वतःला अनेक वर्षं ओळखतो आणि माझी वर्तणूक समाधानकारक आहे, असं लिहून खाली सही ठोकली. 'समाधानकारक' हा शब्द मी प्रगतिपुस्तकात मध्यम मुलांसाठी वापरायचो. स्वतःला त्याच्या वर चढवणं मनाला पटेना. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची हरकत नसल्याची सही आणा."

तिथे समोरच्या घरात एक निवृत्त घड्याळजी राहत. काही महिन्यांपूर्वीच ते पुतण्याकडे कायमचे राहायला आले होते. पुतण्या दिवसभर कामावर. जन्मभर टिकटिक ऐकून त्यांचे कान बहुधा कंटाळले असावेत. इमारतीत त्यांना सगळे 'काय म्हणालात' या नावानेच ओळखत.

"मी तुमच्या समोर राहायला येतोय," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"राहायला येतोय! समोर!"

"काय म्हणालात?"

मला ओरडून बोलता येत नाही. वर्गातसुद्धा मी कधी आवाज चढवला नाही. नुसता चष्मा काढायचो आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. सवयीने मी चष्मा काढला. त्यांना वाटलं डोळ्यात काहीतरी गेलं, ते आत जाऊन पाणी घेऊन आले. शेवटी मी कागद पुढे केला आणि बोटाने जागा दाखवली.

"लिफ्टसाठी अर्ज ना? अवश्य, अवश्य! कोणीतरी पुढाकार घ्यायलाच हवा होता." त्यांनी झोकदार सही केली. "बसा की जरा."

मी बसलो नाही. माझी मोजमापं राहिली होती. जिन्याच्या वळणावरून सहज मागे पाहिलं, तर ते अजून दारातच उभे होते.

यानंतर सरकारी कचेरीतली पत्ता बदलायची खिडकी. वास्तविक माझ्या पत्त्यात एकच आकडा बदलत होता, पण त्या एका आकड्यासाठीही रांग तेवढीच लांब होती. खिडकीमागच्या बाई वर न बघता बोलत होत्या.

"कारण?"

"गुडघा."

"नोकरी, विवाह, शिक्षण, इतर. यातलं सांगा."

"इतर."

"माणसं किती?"

"एक."

त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. "इथे दोन नावं आहेत. तुम्ही आणि तुमची पत्नी. त्यांचंही बदलायचं ना?"

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. साधंच, चौथीतल्या मुलालाही लिहिता येईल असं. पण खरं सांगतो, ते वाक्य मी आजवर कधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. वेळच आली नव्हती. ती गेली तेव्हा मुलगी शेजारीच होती. तिने नातेवाइकांना कळवलं, वहिनींनी इमारतीला, इमारतीने शाळेला. मला सांगायला कोणी उरलंच नाही. रांगेतल्या मागच्या माणसाने घसा खाकरला.

"मग काय करू? त्यांचं वरच राहू दे का?"

"राहू दे," मी म्हणालो.

"ठीक आहे. पडताळणीला माणूस येईल. तेव्हा त्यांना घरी थांबायला सांगा."

आणि अशा रीतीने, सहीशिक्क्यानिशी, माझी बायको चौथ्या मजल्यावर राहिली आणि मी एकटा खाली आलो. सगळ्या बिंदूंनी एकदम सरकायचं असतं म्हणून ज्याने हजारो मुलांची डोकी पिकवली, त्याच्याच आकृतीतला एक बिंदू मागे राहिला. परतताना जिन्यात टेकलो. मला फार एकटं वाटलं. असं मला वाटत नाही असं मी मुलीला दर रविवारी सांगतो, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

पण आरंभलेलं काम अर्ध्यावर टाकायची माझी रीत नाही. खालच्या घरात गेलो तर स्वयंपाकघराचं दार विरुद्ध बाजूला उघडत होतं. आधीच्या भाडेकरूने त्याच्या बिजागऱ्या बदलून घेतल्या होत्या. मी सुताराला बोलावलं.

"काका, दार चांगलं आहे की," सुतार म्हणाला.

"दार चांगलंच आहे. पण ते आमच्या दाराचं प्रतिबिंब आहे. मला प्रतिबिंब नको."

त्याने दारामागे डोकावून पाहिलं आणि तो कामाला लागला. मग खिळे. वरच्या भिंतींवर जिथे जिथे खिळे होते तिथे तिथे खालच्या भिंतींवर मी खुणा करून ठेवल्या होत्या. शेवटच्या खुणेशी तो थांबला.

"इथे काय अडकवायचंय? जड असेल तर मोठा ठोकतो."

"काही नाही अडकवायचं."

"मग खिळा कशाला?"

"वर आहे म्हणून."

त्याने हातोडी खाली ठेवली. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "काका, घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का?"

त्या खिळ्याची हकीकत अशी, की तिथे एखादं छानसं चित्र लावायचं तिच्या मनात होतं. चित्र पसंत पडत नव्हतं. घर सजवण्याच्या बाबतीत ती घाई करत नसे, आणि मरणाच्या बाबतीत तिला थांबता आलं नाही. हे सुताराला सांगण्यात काही हशील नव्हतं. मी म्हटलं, "दुसरं मोठं माणूस नाही. तू ठोक." त्याने ठोकला.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, भिंतीवरचा तेलाचा डागही नेणार आहात का?" मी "काहीतरीच काय!" म्हणालो खरा, पण डागाचं माप मी आधीच घेऊन ठेवलं होतं.

मग खडू घेऊन खालच्या फरशीवर प्रत्येक वस्तूची जागा आखली. कपाट अ, टेबल ब, पलंग क. वर वस्तूंना अक्षरं चिकटवली, खाली त्याच अक्षरांवर छोटी तिरकी रेघ दिली, जशी सरकलेल्या बिंदूला द्यायची असते. खोल्यांत भिंतीपासून अंतरं घेता आली. अडलं ते गॅलरीत. तिथला कठडा नवा होता, मापाला भरवशाचा आधार मिळेना. आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या दोन खुर्च्यांचीच होती. म्हणून मी ओळंबा सोडायचं ठरवलं. वरच्या गॅलरीतून, खुर्च्यांच्या रेषेत, सरळ खाली दोरी. टोकाला जड वस्तू हवी म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि तो तारेच्या आकड्याला पक्का बांधला.

भूमितीत वारा नसतो, हा तिचा मोठा गुण आहे. बत्ता तिसऱ्या मजल्यापाशी पोचला आणि झोके घेऊ लागला. तो स्थिर होईना म्हणून मी दोरी वर ओढली. ती जाताना होती त्याहून जड लागली. वर आल्यावर पाहतो तो आकड्याला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा फुलाफुलांचा गाऊन. ओला होता. खाली पडून मळू नये म्हणून मी त्याची नीट घडी घालायला घेतली, इथे माझं चुकलं. नुसता हातात धरला असता तर कदाचित निभावलं असतं. दारावर बेल वाजली तेव्हा मी दुसरी घडी घालत होतो.

"हे काय आहे?" बाई कडाडल्या.

"बाई, हा ओळंबा आहे."

"हा माझा गाऊन आहे!"

दोन्ही विधानं खरी होती, पण माझं कोणी ऐकून घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत खाली फळ्यावर सूचना लागली : 'सभासदांनी गॅलरीतून कोणतीही वस्तू खाली सोडू नये, तसेच वर ओढू नये. शैक्षणिक कारणासाठीसुद्धा नाही.' तिच्यात माझं नाव नव्हतं. पण 'शैक्षणिक' वाचून पोस्टमनसुद्धा माझ्याकडे बघून हसला. ज्या माणसाने चाळीस मुलांचा वर्ग नुसत्या चष्म्यावर गप्प केला, त्याने यापुढे काही दिवस तिसऱ्या मजल्यावरून मान खाली घालून उतरायचं ठरवलं.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी खाली गेलो तर फरशी आरशासारखी लखलखत होती. खडूची एक रेघ शिल्लक नव्हती. वॉचमनची बायको हातात फडकं घेऊन कौतुकाच्या अपेक्षेने उभी होती. "ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, बाबा येताहेत, स्वच्छ पुसून ठेवा. काय काय घाण होती बघा, कोणीतरी पोरांनी रेघोट्या मारल्या होत्या. घासून घासून काढल्या!"

मी तिचे आभार मानले. लेकीने प्रेमाने केलेल्या गोष्टीची तक्रार कोणापाशी करायची? मग दुखऱ्या गुडघ्यावर बसून पहिल्यापासून आखायला सुरुवात केली. वेळ थोडा होता, म्हणून आधी गॅलरी घेतली. नव्या कठड्याचा नाद सोडला, घराच्या भिंतीपासून माप धरलं आणि खुर्च्यांच्या आठ पायांची आठ वर्तुळं काढली. नववी खूण करायच्या आत जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. हमाल कपाट घेऊन निघाले होते.

"फिरवा रे!" मुकादम ओरडत होता.

"फिरवायचं नाही!" मी गुडघा सांभाळत तिथवर चढून म्हणालो. "सरळ आणा. जसं आहे तसं!"

"साहेब, जिन्याचं वळण आहे. फिरवल्याशिवाय कपाट निघायचं नाही."

मी क्षणभर विचार केला. वाटेत काय होतं ते भूमिती विचारत नाही. सुरुवात आणि शेवट तेवढा बघते. "बरं, फिरवा. पण जेवढं फिरवाल तेवढंच नंतर उलट फिरवा. म्हणजे गोळाबेरीज शून्य."

मुकादमाने कपाळाचा घाम पुसला. "उलट फिरवत नेलं तर ते परत वरच जाईल की, साहेब."

या चर्चेत कपाट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलं. वहिनी वरून सांगत होत्या, "दारं काढा त्याची." सेक्रेटरी खालून सांगत होते, "भिंतीला ओरखडा गेला तर भरपाई." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कामावर निघाल्या होत्या, त्यांना कपाटाखालून वाकून जावं लागलं आणि जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कपाटसुद्धा मी त्यांच्यासाठीच अडकवलंय. अखेर ते सुटलं, पण एक पाय जिन्यातच राहिला. आता त्या कोपऱ्याखाली वीट आहे. वरच्या घरात वीट नव्हती. असो.

बाकी सगळं मी स्वतः उभं राहून लावून घेतलं. पलंग, टेबल, घड्याळ, उलट्या हाताचे डबे, रिकामा खिळा. हमाल गेले तसं घर एकदम शांत झालं. मी हात ओलांडून चहा केला, कप घेऊन गॅलरीत गेलो आणि माझ्या खुर्चीत बसलो. खुर्च्यांचे पाय खडूच्या वर्तुळांत अगदी चपखल बसले होते. मी मान वळवून शेजारी पाहिलं. अंतर तेवढंच होतं. पोचलं सगळं, असं मनाशी म्हणालो.

मग समोर पाहिलं. चौथ्या मजल्यावरून समोर आकाश होतं आणि लांबवर पाण्याच्या टाकीचं टोक. त्या टाकीवर बसणाऱ्या पक्ष्यांना ती नावं ठेवायची. इथून समोर कुंपणाची भिंत आणि रांगेत लावलेल्या स्कूटरी. मला एकदम आमच्या पेपरातला एक प्रश्न आठवला. दोन मार्कांचा. आकृती फिरवली तर एक बिंदू जागेवर राहतो, तिचं आरशात प्रतिबिंब घेतलं तर एक अख्खी रेघ जागेवर राहते. स्थानांतरणात किती बिंदू जागेवर राहतात? उत्तर : एकही नाही. हे उत्तर मी किती वर्षं लिहून दिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलो. आज ते मला पहिल्यांदा समजलं. अंतरं सगळी राखली होती मी, आणि तरी काहीसुद्धा जागेवर राहिलं नव्हतं. तिची खुर्ची तर खाली आली होती. पण ती जिथे बसायची ती जागा वरच राहिली होती, आणि तिथे आता कुलूप होतं.

तेवढ्यात इमारतीच्या पोटात घरघर झाली. वरून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, अहो ऐकलंत का? पार्ट आला! लिफ्ट सुरू झाली हो!"

मी ऐकलं.

दार उघडंच होतं. त्यातून घड्याळजी आत आले, चेहरा फुललेला. "मानलं तुम्हाला! सही घेऊन गेलात आणि लिफ्ट सुरू करून दाखवलीत. अभिनंदन करायला आलो." आणि मी काही म्हणायच्या आत ते गॅलरीत येऊन तिच्या खुर्चीत बसले.

दोन वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. मी उठून त्यांना आतली दुसरी खुर्ची देणार होतो. पण तेवढ्यात आपल्याला ऐकू येत नाही याची त्यांना आठवण झाली असावी. अर्धवट उठून त्यांनी खुर्ची धरली आणि कर्रकन् ओढत माझ्या अगदी जवळ आणली. स्टूल लवंडता लवंडता राहिलं. मग कानामागे हात धरून माझ्याकडे झुकले.

"हं. आता बोला."

आता बोला, असं मला बऱ्याच दिवसांत कोणी म्हणालं नव्हतं.

"ही खुर्ची माझ्या बायकोची आहे," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"बायकोची आहे! ही खुर्ची!"

"अरे, मग बोलवा ना त्यांना. मी उठतो."

आणि ते खरंच उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. "ती नाही. ती गेली."

"काय म्हणालात?"

मला ओरडता येत नाही, हे मी मघाशीच सांगितलं. पण त्यांचा कान माझ्या तोंडासमोर होता आणि ते वाट बघत होते.

"माझी बायको वारली!" मी ओरडलो. "दोन वर्षांपूर्वी! वारली ती!"

खाली स्कूटर लावणारा माणूस हँडल धरून तसाच थांबला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे काढतानाची बांगड्यांची किणकिण थांबली. वहिनींचं बोलणंही थांबलं. इमारतीला हे माहीतच होतं, पण माझ्या तोंडून तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. मीसुद्धा.

घड्याळजी परत खाली बसले. त्यांना नीट ऐकू आलं होतं. मग कान पुन्हा माझ्याकडे करून म्हणाले, "काय झालं होतं त्यांना?"

मग मी सांगायला लागलो. तिच्या दुखण्याचं सांगितलं, डावखुरेपणाचं सांगितलं, टाकीवरच्या पक्ष्यांचं सांगितलं, रिकाम्या खिळ्याचंही सांगितलं. सगळं ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळे इमारतीचीही उजळणी झाली. मधे मधे ते "काय म्हणालात?" विचारत आणि मी तेच वाक्य पुन्हा सांगे. मला त्याचा कंटाळा आला नाही. स्टुलावर माझा चहा गार झाला आणि ते कोणी जाहीर केलं नाही.

ते गेल्यावर मी खुर्चीकडे पाहिलं. तिचे चारही पाय खडूच्या वर्तुळांबाहेर होते. मी ती परत आत सरकवायला उठलो आणि मग तशीच राहू दिली. उद्या संध्याकाळी पुन्हा येतो म्हणालेत.

त्याआधी सकाळी मला पत्ता बदलायच्या खिडकीशी जायचंय. पडताळणीचा माणूस चार मजले चढून बंद दारावर टकटक करत बसू नये. लिफ्ट आहे म्हणा आता, पण तरीही. ते वाक्य त्या बाईंना सांगायचंय, आणि आता जमेल असं वाटतं. त्यांना ऐकू येतं, तेव्हा हळू बोललं तरी चालेल.